हायलक्स, व्ही-क्रॉसच्या हौद्यावरचं इलेक्ट्रिक रोलर शटर: माल बरा, पण फिटर बघून घ्या

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस घेतली की पहिल्या पावसाळ्यातच मागच्या हौद्याचा प्रश्न उभा राहतो. ताडपत्री टाकली तर दर वेळी दोऱ्या सोडा आणि बांधा. फायबरची कॅनोपी लावली तर फ्रिज किंवा कपाट उभं नेण्याची सोय गेली, म्हणजे पिकअप घेतल्याचा अर्धा उपयोग गेला. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, रिमोटवर सरकणारं शटर सध्या ॲक्सेसरीच्या दुकानांत बरंच मागितलं जातं. बहुतेक किट एकाच धाटणीचे असतात: केबिनच्या पाठीमागे आडवा बसणारा डबा, त्यात गुंडाळला जाणारा पट्ट्यांचा पडदा, दोन्ही कडांना रेल, 12 व्होल्टची मोटर, कंट्रोलर, दोन रिमोट, निचऱ्याच्या दोन नळ्या, क्लॅम्प आणि रबरी पट्ट्या. स्टिकर वेगवेगळे असतात, इतकंच. म्हणून हा अभिप्राय एखाद्या नावाचा नाही, या प्रकारच्या किटचा आहे.

पट्ट्या मजबूत असतात, पावडर कोटिंग टिकतं, मोटर सहसा दगा देत नाही. तक्रारी येतात त्या तीनच: शटर अर्ध्यात थांबून मागे फिरतं, आत पाणी येतं, आणि गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा बसवणीत सापडतं.

ऑर्डर देण्याआधी जागेचा हिशोब करा. या गाड्यांचा हौदा आतून साधारण दीड मीटर लांब. डबा त्यातली पुढची 25 ते 30 सेंटीमीटर घेतो. डब्याखाली थोडी जागा उरते, तिथे पाना-जॅकची पिशवी किंवा टो दोर सरकवता येतो, पण उभं खोकं तिथे बसत नाही. मोटरसायकल नेणाऱ्याला ही लांबी नक्की खटकेल. दुसरं म्हणजे स्पोर्ट्‌स बार, म्हणजे केबिनच्या मागे हौद्यावर शोभेला लावतात ती नळ्यांची कमान. त्याचे पाय हौद्याच्या कडेवर नेमके रेलच्या जागी येतात. बारसोबत बसणारी रेल वेगळी मागवावी लागते, नाहीतर बार उतरवावा लागतो. तिसरं, हौद्याचं प्लास्टिक लायनर. कडेवरून वळून बाहेर येणारं लायनर असेल तर क्लॅम्पला पत्रा धरायला मिळत नाही, लायनर दबत राहतं आणि क्लॅम्प ढिला होतो. तेवढ्या जागी लायनर कापावंच लागतं. कडेच्या खाली संपणारं लायनर असेल तर अडचण नाही.

बसवायला दोन माणसं आणि अर्धा ते पाऊण दिवस लागतो. दोन तासांत करून देतो म्हणणाऱ्याकडे काम टाकू नये, कारण वेळ खरा जातो तो मोजमापात. आधी डबा पुढच्या भिंतीला टेकवून सैल बसवायचा, मग दोन्ही रेल त्यात अडकवून क्लॅम्प हातानेच आवळायचे. आता टेप घ्यायचा. दोन रेलमधलं अंतर डब्याजवळ, मध्यावर आणि फाळक्याजवळ (हौद्याच्या मागच्या झडपेजवळ) मोजायचं. तिन्हीत 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग दोन्ही कर्ण मोजायचे. तिथे 3 ते 4 मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. हौद्याच्या बाजू फाळका उघडल्यावर किंचित फाकतात, म्हणून हे माप फाळका लावून आणि उघडून, दोन्ही वेळा घ्यायचं. ही पायरी फिटर हमखास गाळतात. पॅकिंगच्या चकत्या इथेच लागतात. त्या किटमध्ये असतातच असं नाही, 1 आणि 2 मिलिमीटरच्या बाजारातून आणून ठेवाव्यात.

माप जुळल्यावर क्लॅम्प मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, आळीपाळीने आवळायचे. एम-8 बोल्टला 20 ते 22 न्यूटन-मीटर पुरे. इम्पॅक्ट गन लावली की ॲल्युमिनियमची रेल क्लॅम्पच्या जागी आत दबते, आणि मग पट्टी दर वेळी तिथेच घासते. कडेला ड्रिल मारून स्क्रू ठोकायची गरज या गाड्यांवर नसते. फिटरने ड्रिल कडेकडे वळवलं की काम थांबवावं.

अर्ध्यात थांबणाऱ्या शटरचं रहस्य याच मापांत आहे. कंट्रोलर मोटरचा करंट बघत असतो. काहीतरी अडकलं की करंट वाढतो, बोट चिरडू नये म्हणून तो मोटर थांबवून उलटी फिरवतो. रेल एका ठिकाणी जरी आवळून बसली तरी कंट्रोलरला ते अडकलेलं बोटच वाटतं. मग दुकानदार मोटर बदलतो, दोष तसाच राहतो. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून शटर एकदा पूर्ण चालवा. आकडा सुरुवातीला उसळून स्थिर राहिला तर बसवणी ठीक. मध्येच चढला तर त्याच जागी रेल तपासा. शेवटची मर्यादा कंट्रोलरला शिकवणं, म्हणजे पूर्ण उघडं आणि पूर्ण बंद, हे इंजिन चालू ठेवूनच करावं. उतरलेल्या बॅटरीवर शिकवलेली मर्यादा नंतर चुकते.

किटमधली सर्वांत कमकुवत वस्तू म्हणजे वायर. बऱ्याच हार्नेसमध्ये, म्हणजे किटसोबतच्या वायरच्या जुडग्यात, 2.5 चौरस मिलिमीटरची येते. बॅटरीपासून डब्यापर्यंत चेसिसच्या कडेने 6 मीटर, परतीचे 6 मीटर धरा. 15 अँपिअरला या 12 मीटर तांब्यात सव्वा व्होल्ट गळतात. 4 चौरस मिलिमीटरला गळती 0.8 व्होल्टवर येते, 6 ला अर्ध्या व्होल्टच्या आसपास. वायरचा फरक काही शे रुपयांचा. 6 चीच टाकायला सांगा, वायर स्वतः नेऊन दिली तरी चालेल. अर्थिंग हौद्याच्या रंगवलेल्या बोल्टवर देऊ नये. चेसिसचा रंग खरवडून, लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) लावून, वरून ग्रीस फासून द्यावं, नाहीतर निगेटिव्ह थेट बॅटरीपर्यंत न्यावी. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत हवा, आणि तो किटमध्ये सांगितला आहे तेवढ्याच अँपिअरचा. मागे डब्याजवळ लावलेला फ्यूज वाटेतल्या वायरला वाचवत नाही. गाडीच्या मूळ हार्नेसमध्ये कुठेही टाका मारू देऊ नका, वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

वायर सायलेन्सर आणि डीपीएफच्या (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) विरुद्ध बाजूने न्यावी. डीपीएफ स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा तिथलं तापमान प्लास्टिकला झेपणारं नसतं. वायर नालीदार पाइपात, दर वीतभर अंतरावर टाय, मागच्या पाट्यांपासून आणि प्रॉपेलर शाफ्टपासून लांब. केबिन आणि हौदा चेसिसवर वेगवेगळे हलतात, म्हणून त्यांच्या मधल्या फटीत 10 ते 15 सेंटीमीटरचा सैल वळसा सोडावा. ताणून बांधलेली वायर कच्च्या रस्त्यावर हळूहळू तुटते, आणि तुटलेली तार बाहेरून दिसत नाही.

पाण्याबद्दल दुकानात ‘वॉटरप्रूफ’ असं ठोकून सांगतात. तसं नाही. पट्ट्यांवरचं पाणी रेलच्या पन्हळीत आणि डब्यात येणारच, रचनाच तशी आहे. ते नळ्यांनी गाडीखाली गेलं पाहिजे. नळ्या पुढच्या कोपऱ्यांतून हौद्याच्या मूळ बुचाच्या भोकांतून खाली सोडता आल्या तर उत्तम. भोक पाडावंच लागलं तर होल सॉने पाडायचं, कडा कानशीने घासायची, प्रायमर आणि रंग सुकू द्यायचा, मगच ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं. कित्येकदा नळीचं तोंड हौद्यातच सोडलेलं सापडतं, म्हणजे गोळा केलेलं पाणी परत आत! नळीला मध्ये झोल राहिला तर कोकणातली लाल माती तिथे बसते आणि एका मोसमात नळी बुजते.

पैसे देण्याआधी पाण्याची चाचणी घ्या. सपाट जागेवर सगळेच किट पास होतात. गाडी नाक खाली करून उतारावर लावा, दहा मिनिटं नळी सोडा, दोन्ही निचऱ्यांतून धार येते का बघा. मग नाक वर करून तेच करा. पहिल्यात डब्याची परीक्षा होते, दुसऱ्यात फाळक्यावरच्या रबराची. आंबोली किंवा वरंध घाटातल्या पावसात गाडीला दोन्ही सोसावं लागतं. फाळक्याच्या बिजागऱ्यांकडच्या फटी मात्र शटरच्या किटमध्ये धरलेल्या नसतात. धूळ तिथूनच आत येते, त्यासाठी फाळक्याचं सील वेगळं घ्यावं लागतं. कुलपाचंही तसंच. फाळका किल्लीने लागत नसेल तर वरचं शटर कितीही भक्कम असो, सामान मागून जातं.

बॅटरीसाठी मल्टिमीटर लावून एकदा मोजा. रिमोटची वाट बघत बसलेला रिसीव्हर 10 मिलिअँपिअर खात असेल तर महिन्याला 7 अँपिअर-तास होतात, हे चालतं. 40-50 दाखवत असेल तर महिनाभर उभ्या गाडीत त्रास होणार. अशा वेळी पॉझिटिव्हवर तोडणारा स्विच बसवून घ्या. बॅटरी पूर्ण मेली तर शटर हाताने सोडवण्याची केबल कुठे आहे, ती फाळका उघडून हाताला लागते का, हे फिटरकडून करून दाखवून घ्या. काही स्वस्त किटमध्ये ती सोयच नसते, तसं किट घेऊ नये.

देखभाल थोडी. महिन्यातून एकदा रेल पाण्याने धुऊन, कोरडी करून सिलिकॉन स्प्रे. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं की धूळ चिकटून त्याचा घासकागद होतो. प्रेशर वॉशरची धार पट्ट्यांच्या सांध्यांवर जवळून मारू नये. शटरवर उभं राहू नये, मग जाहिरातीतला माणूस त्यावर नाचत का असेना.

रोज दोन-चार वेळा हौदा उघडावा लागणाऱ्याला, म्हणजे साइटवर फिरणारा कंत्राटदार, कॅमेऱ्याचं सामान नेणारा, यांना इलेक्ट्रिकचे पैसे वसूल होतात. आठवड्यातून एकदा बॅगा टाकणाऱ्याने हाताने सरकवायचं तेच शटर घ्यावं: रेल तीच, पट्ट्या त्याच, वायरिंग शून्य. कोटेशनमध्ये 6 चौरस मिलिमीटर वायर, फाळक्याचं सील, पॅकिंग आणि बसवणीनंतर महिन्याभराने क्लॅम्प पुन्हा आवळून देणं, हे चार मुद्दे लिहून घ्या. पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये क्लॅम्प थोडे बसतातच.