सेकंडहँड लुई व्हितॉन स्पीडी ३०: पाठीमागचा उलटा एलव्ही आणि बाकीची तपासणी

स्पीडी ३० ही लुई व्हितॉनची हातात धरायची बॅग. तिच्या साध्या मोनोग्राम प्रकाराची, म्हणजे एलव्ही ही कंपनीची आद्याक्षरं आणि फुलं छापलेल्या बॅगेची, सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे पुढे एलव्ही सुलटे आणि मागे सगळे खाली डोकं वर पाय. तेवढ्यावरून बॅग खोटी ठरवून अस्सल नग परत केले जातात, हे फार वाईट वाटतं. कारण या मॉडेलची ती ओळखच आहे. कॅनव्हासचा एकच सलग तुकडा पुढून खाली उतरतो, तळावरून वळतो आणि मागून चेनपर्यंत वर येतो. तळाला जोड नाही, म्हणून ओझ्याने तिथली शिवण उसवण्याची भीती नाही. छाप मात्र एकाच दिशेचा, त्यामुळे तळ ओलांडला की अक्षरं उलटतात. याच कंपनीच्या कीपऑल या प्रवासी बॅगेतही हेच दिसतं. अल्मा या हँडबॅगेला तळाशी वेगळं चामडं लावलेलं असतं, म्हणून तिथे दोन्ही बाजू सुलट येतात. साध्या स्पीडीत दोन्हीकडे सुलट एलव्ही दिसले, तर शंका तिथे घ्यायची.

दुसरा गैरसमज असा, की कंपनी एलव्ही कधीच कापत नाही. कापते. कडेच्या पायपिंगखाली, म्हणजे शिवणीवर बसवलेल्या आत दोरी असलेल्या चामडी गोटाखाली, अक्षरं अर्धवट जातात. बघायचं ते इतकंच, की डावीकडे छाप जिथे कापला गेला तिथेच उजवीकडेही कापला गेला आहे का. यात एक बारकावा सुटतो. समतोल जागेचा असतो, अक्षर काही आरशासारखं उलटत नाही. दोन्ही कडांना एलव्ही सारखाच कापला गेला असेल तर डाव्या कडेला व्हीची बाजू उरते आणि उजव्या कडेला एलची. हे बघून 'दोन बाजू वेगळ्या आहेत' म्हणणं चूक.

मोजताना बॅग आधी भरा. स्पीडीला आत कडक तळ नसतो. रिकामी बॅग मध्ये खचते, छापाच्या ओळी धनुष्यासारख्या वाकतात आणि अस्सल नगही तिरका वाटतो. दोन-तीन जुने टॉवेल कोंबून ती ३० सेंटीमीटर लांब, २१ उंच आणि १७ रुंद अशा मूळ आकारात आणा. फोटोवरून बघायचं असेल तर विक्रेत्याला मोबाइल बॅगेच्या उंचीवर, समोरासमोर, साधारण एक मीटरवर धरायला सांगा. वरून काढलेल्या फोटोचा उपयोग नाही. मग पायपिंगपासून पहिल्या पूर्ण फुलापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. चेनला लागून असलेली ओळ टोकापर्यंत समांतर जाते का ते बघा. हँडलच्या चारही चामडी पट्ट्या छापाच्या जुळत्या जागी बसल्या आहेत का तेही बघा. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक हाताच्या कामात चालतो. एका बाजूला अख्खं फूल आणि दुसऱ्या बाजूला अर्धं, हे चालत नाही.

आता महत्त्वाचं. छापाची जागा ही फक्त पहिली चाळणी. रस्त्यावरचा माल तिथेच अडकतो, पण चांगली 'फर्स्ट कॉपी' छाप नीट बसवून येते. जागा चुकली तर बॅग नाकारा, पण जागा जुळली म्हणून पैसे देऊ नका.

पुढची चाळणी चामड्याची. हँडल, पट्ट्या आणि पायपिंग रंग न दिलेल्या गाईच्या चामड्याचं असतं. नवं असताना फिकट, मग ऊन, हवा आणि हाताचं तेल लागून मधाच्या रंगाकडे जातं. जुन्या बॅगेत हँडल जिथे धरतात तिथे जास्त गडद व्हायला हवं. सगळीकडे एकसारखा केशरी रंग असेल तर तो बहुधा कारखान्यातच दिलेला. उलट हँडल फिकट आणि पायपिंग गडद असेल तर घाबरू नका. हँडल बदलून मिळतात, त्यामुळे असा दुरंगीपणा अस्सल बॅगेतही येतो. दोरा मोहरीसारखा पिवळा, टाके एका लांबीचे, आणि चारही पट्ट्यांवरच्या टाक्यांची संख्या सारखी हवी. चामड्यावरच्या कंपनीच्या नावाच्या ठशातला 'ओ' अंड्यासारखा नसतो, पूर्ण गोल असतो. 'एल'ची आडवी रेघ आखूड असते आणि दोन 'टी' एकमेकांना जवळजवळ टेकतात.

डेट कोड, म्हणजे बॅग कुठे आणि कधी बनली ते सांगणारी दोन अक्षरं आणि चार अंक, आतल्या खिशाजवळच्या चामडी पट्टीवर शोधा. १९९० ते २००६ मधल्या कोडात पहिला आणि तिसरा अंक मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. एसपी०९२६ म्हणजे फेब्रुवारी १९९६. २००७ पासून महिन्याच्या जागी आठवडा आला, म्हणून एसपी१०२७ म्हणजे २००७ चा बारावा आठवडा. एसपी१०४४ वाचला तर २००४ चा चौदावा महिना निघतो, म्हणजे खोटा. एसपी ही अक्षरं फ्रान्सची, तेव्हा शेजारच्या ठशात 'मेड इन स्पेन' असेल तर व्यवहार थांबवा. मात्र हा कोड अनुक्रमांक नाही. एकच कोड अनेक बॅगांवर असतो, आणि नकली माल बनवणारे बरोबर कोडही छापतात. मार्च २०२१ पासून कोड बंद होऊन चिप आली, त्यामुळे '२०२२ ची, कोडसकट' ही जाहिरात सोडून द्या. खरेपणाचं कार्ड कंपनी देत नाही, तेव्हा बॅगेसोबत आलेल्या अशा कार्डाने भाव वाढू देऊ नका. बॅगेसोबतच्या छोट्या कुलपावरच्या क्रमांकाचा संबंध फक्त किल्लीशी असतो.

अस्सल ठरल्यावरही प्रत्येक नग घेण्यासारखा नसतो. कॅनव्हास म्हणजे सुती कापडावर पीव्हीसीचा थर. चेनच्या टोकांशी आणि हँडलच्या पट्ट्यांखाली, जिथे घडी पडते, तिथे तो तडकतो. हँडल, पायपिंग आणि चेन दुरुस्त होतात, तडकलेला कॅनव्हास होत नाही. म्हणून काळवंडलेल्या चामड्याची पण न तडकलेली बॅग आम्ही चकचकीत पण तडकलेल्या बॅगेच्या वर ठेवतो. चार कोपऱ्यांतली पायपिंग सर्वात आधी झिजते; आतली दोरी दिसू लागली असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

वापरायला स्पीडी हलकी आणि ऐसपैस. खांद्याला पट्टा नाही, ही तिची खरी उणीव, आणि लोकलच्या गर्दीत ती जाणवते. पावसाळ्यात जपायला हवं ते चामडं. एका थेंबाचाही डाग उमटतो आणि सॅनिटायझरचा तर कायमचा राहतो. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर ती प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली तर बुरशी धरते. सुती पिशवीत, आत टॉवेल आणि सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या घालून, चेन थोडी उघडी ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पंख्याखाली ठेवा.