लंडनचा पिंग पुण्यात बसून: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या तबल्याच्या सरांचा गेल्या जूनमध्ये मला फोन आला. "अगं, ती लंडनची मुलगी 'तिरकिट' वाजवते आणि मला नुसतं 'ति...किट' ऐकू येतं. तिचा हात चुकतोय की मधे इंटरनेट खातंय, ते मला सांग. उगाच तिला ओरडा बसायला नको."

मी पुण्यातल्या एका छोट्या संगीतशाळेचं तांत्रिक काम बघते. शिकवणारे पुणे, सांगली, कोल्हापूरचे. शिकणारी बरीचशी मुलं लंडन, न्यू जर्सी, सिंगापूर, मेलबर्न इथल्या मराठी घरांतली. सर्व्हर मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये. तोपर्यंत तक्रार आली की मी माझ्या लॅपटॉपवर वर्ग उघडून बघायचे आणि "इकडे तर व्यवस्थित चालतंय" असं कळवायचे. पैसे भरून घेतलेली एक मॉनिटरिंग सेवाही होती, तिचे सगळे दिवे कायम हिरवे. मुलगी ज्या घरात बसून वाजवतेय, तिथून मुंबईपर्यंतचा रस्ता कसा आहे, हे मात्र ना मला दिसत होतं ना त्या सेवेला.

त्या आठवड्यात मी दोन गोष्टी वापरायला घेतल्या, त्या आजही रोज वापरते. एक ग्लोबलपिंग, दुसरी राइप अ‍ॅटलास. दोन्हींची कल्पना एकच: जगभर लोकांनी आपापल्या घरी, ऑफिसात, डेटा सेंटरमध्ये छोटे प्रोब, म्हणजे मोजणी करणारी यंत्रं किंवा सॉफ्टवेअर, चालू ठेवलेत आणि आपण पुण्यात बसून त्यांना सांगायचं की या पत्त्यावर पिंग कर (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोज), ट्रेसरूट काढ (वाटेतले टप्पे दाखव), डीएनएस विचार (नावावरून पत्ता शोध). राइप अ‍ॅटलास जुनं आहे, २०१० पासूनचं, अ‍ॅम्स्टरडॅमची राइप एनसीसी ही संस्था ते चालवते आणि दहा हजारांहून जास्त प्रोब जोडलेले असतात. ग्लोबलपिंग त्या मानाने नवं, ओपन सोर्स, आणि हाताळायला फारच सोपं. टर्मिनलमध्ये पत्ता लिहायचा, पुढे 'फ्रॉम लंडन' लिहायचं, की काही सेकंदांत उत्तर हजर. लॉगिन न करता तासाला २५० चाचण्या, लॉगिन केलं तर ५००. आमच्यासारख्या शाळेला हे पुरून उरतं.

पहिल्या दिवशी 'फ्रॉम लंडन' म्हटलं तर आकडे अगदी सरळ आले: १२४, १२४, १२५ मिलिसेकंद, एकही पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलेलं नाही. म्हणजे सरांना सांगायचं का, की मुलीचाच हात चुकतोय? सुदैवाने नाही सांगितलं. निकाल नीट वाचल्यावर लक्षात आलं की आलेले सगळे प्रोब डेटा सेंटरमधले होते. डेटा सेंटर ते डेटा सेंटर हा हमरस्ता, तिथे खड्डा सहसा नसतोच. आमची हिरवे दिवे दाखवणारी सेवाही तिथूनच बघत होती. ग्लोबलपिंगमध्ये प्रत्येक प्रोबला खूण असते: हा डेटा सेंटरमधला, हा 'आयबॉल' म्हणजे घरगुती लाइनवरचा. 'लंडन+आयबॉल' असं लिहून पुन्हा मागवलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनवरचे पाच प्रोब मिळाले. चार ठीक. पाचव्यावर आकडे असे: १२८, १६९, १३१, हरवलं, १७४. मुलीच्या आईला विचारलं, "ताई, तुमच्याकडे इंटरनेट कुणाचं?" तीच कंपनी.

हे मी इतकं सविस्तर सांगतेय कारण नऊ महिन्यांत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच आहे. जगाच्या नकाशावर शंभर ठिकाणांहून चाचणी केली आणि ती शंभरही डेटा सेंटरं असली, तर एका ग्राहकाच्या घराबद्दलही काही कळत नाही.

दुसरी खबरदारी तितकीच मोठी. 'लंडन' म्हटलं की दर वेळी तेच प्रोब मिळतील असं नाही. आज सकाळी एका घरातून मोजलं, संध्याकाळी दुसऱ्या, आणि म्हणालात की संध्याकाळी बिघडतं, तर ती तुलनाच खोटी. आधीच्या चाचणीचा क्रमांक देऊन तेच प्रोब पुन्हा वापरता येतात. मी तेच केलं. तीन दिवस, सकाळी आणि वर्गाच्या वेळी, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊला, लंडनच्या संध्याकाळी पाचला. सकाळी स्वच्छ, संध्याकाळी घसरण, तिन्ही दिवस. लंडनमधल्या लंडनमध्ये त्याच प्रोबवरून पिंग केलं तर संध्याकाळीही स्वच्छ. म्हणजे घरातलं वायफायही नाही आणि गल्लीतली केबलही नाही. त्या कंपनीचा भारताकडे येणारा दुवा संध्याकाळी तुंबत होता. आम्ही लंडनच्या डेटा सेंटरमध्ये एक छोटा रिले सर्व्हर उभा केला. मुलीचा आवाज घरातून त्या रिलेपर्यंत आणि तिथून हमरस्त्याने मुंबईला. पुढच्या वर्गात सरांना 'तिरकिट' पूर्ण ऐकू आलं. मुलीचा हात उत्तम होता.

इथे तबल्याचं गणित सांगते, कारण आकडे बघताना मला त्याची फार मदत होते. मध्य लयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. लंडनचा १२५ मिलिसेकंदांचा फेरा म्हणजे पाव मात्रा. हा उशीर आपण हटवू शकत नाही. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन ७२ मिलिसेकंद तर निसर्गाचेच. वर केबल सरळ रेषेत जात नाही. त्यामुळे सर आणि विद्यार्थी एकत्र ठेका धरू शकत नाहीत. सर आधी वाजवतात, मग ती वाजवते. पण उशीर कायम एकसारखा असेल तर शिकवता येतं. तो क्षणाक्षणाला बदलायला लागला की पलीकडचं सॉफ्टवेअर उशिरा आलेला तुकडा टाकून देतं आणि मधला बोल गायब होतो. म्हणून मी सरासरी आकडा आधी बघतच नाही. किमान आणि कमाल यांतलं अंतर बघते, मग हरवलेली पॅकेट्स, आणि सरासरी सगळ्यात शेवटी.

६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशी. शाळेला सुट्टी होती, मी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर होते. त्या दिवशी लाल समुद्रात जेद्दाजवळ सी-मी-वी-४ आणि आय-मी-वी या समुद्राखालच्या केबल तुटल्या. या दोन्ही केबल मुंबईला युरोपशी जोडतात. रविवारी दुपारी दोनला लंडनचा वर्ग होता. सकाळी राइप अ‍ॅटलासवरचा आलेख उघडला तर शनिवारी सव्वाअकराच्या सुमारास रेषा पायरीसारखी वर चढलेली, सव्वाशेवरून थेट अडीचशेच्या पुढे. लगेच ग्लोबलपिंगवर लंडन, पॅरिस, फ्रँकफर्ट, सिंगापूर, टोकियो असं एकदम मागवलं. युरोपचे तिघे चढलेले, सिंगापूर नेहमीसारखं साठच्या आसपास, टोकियोही जागेवर. न्यू जर्सीत गंमत अशी की काही प्रोब ठीक होते आणि काही बिघडलेले. ट्रेसरूट काढल्यावर दिसलं की अटलांटिक ओलांडून युरोपमार्गे येणारेच बिघडलेत, पॅसिफिककडून येणारे नाहीत. दहा मिनिटांत मला माहीत होतं की आमचा सर्व्हर ठीक आहे, पश्चिमेचा रस्ता तुटलाय आणि माझ्या हातात दुरुस्तीचं काही नाही. पालकांना तसं स्पष्ट लिहिलं, लंडनचे तबल्याचे वर्ग पुढे ढकलले, गाण्याचे एकतर्फी वर्ग चालू ठेवले. एकाही पालकाने उलट फोन केला नाही. आधी अशा वेळी आम्ही दोन दिवस सर्व्हर रीस्टार्ट करत बसलो असतो.

राइप अ‍ॅटलासचा उपयोग असा कायमच्या नोंदीसाठी. ठरलेले दहा प्रोब दर पाच मिनिटांनी मोजतात आणि मागचा आलेख कधीही काढता येतो. ग्लोबलपिंगचे निकाल काही दिवसांनी निघून जातात, म्हणून कामाचे मी लगेच कॉपी करून ठेवते. राइप अ‍ॅटलासवर चाचणीला क्रेडिट, म्हणजे खर्च करायचे गुण, लागतात आणि ते मिळवायला आपणही एक प्रोब चालवायचा. प्रोब जोडलेला असेल तर मिनिटाला १५ क्रेडिट, म्हणजे दिवसाला २१,६००. २०२० पासून सॉफ्टवेअर प्रोबही चालतो, वेगळं यंत्र मागवावं लागत नाही.

माझा प्रोब कराडला आई-बाबांच्या घरी आहे, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर. वीज गेली तरी राउटर आणि तो इन्व्हर्टरवर चालतात. त्याने एक वेगळीच गोष्ट उघडी केली. कराडहून मुंबईला पिंग ७५ मिलिसेकंद! तीनशे किलोमीटरसुद्धा अंतर नाही. ट्रेसरूटमध्ये चौथ्या-पाचव्या हॉपच्या (वाटेतल्या टप्प्याच्या) राउटरचं नाव बघितलं तर त्यात सिंगापूर. कराडचं पॅकेट सिंगापूरला जाऊन मुंबईत परत येत होतं, कारण त्या स्थानिक कंपनीची आणि आमच्या डेटा सेंटरची मुंबईत कुठेही गाठ पडत नव्हती. आमचे हार्मोनियमचे एक शिक्षक त्याच कंपनीच्या लाइनवरून शिकवत होते आणि वर्षभर स्वतःच्या जुन्या लॅपटॉपला दोष देत होते. मी ट्रेसरूट जोडून तक्रार केली. पहिल्या दोन वेळा "मोडेम बंद करून चालू करा" असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा नेटवर्क विभागातल्या कुणीतरी वाचलं, आणि तीन आठवड्यांनी आकडा ११ वर आला. बाबांनी तेव्हापासून त्या डब्याची जबाबदारीच घेतलीय. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की त्यांचा फोन येतो.

ट्रेसरूट वाचताना मात्र घाई करू नका. मधल्या एखाद्या हॉपवर तीन चांदण्या (* * *) दिसल्या किंवा तिथेच पॅकेट हरवताना दिसली, पण शेवटच्या टोकाला सगळी पोचत असतील, तर तो राउटर फक्त अशा चौकशीला उत्तर द्यायला कंटाळतोय. वाहतूक सुरळीत आहे. तोटा त्या हॉपपासून पुढे शेवटपर्यंत दिसला तरच खरा. शिवाय ट्रेसरूट जायचा रस्ता दाखवतं, परतीचा वेगळा असू शकतो. म्हणून मी दोन्ही बाजूंनी काढते.

डिसेंबरमधली चूक आमचीच होती. सर्व्हर बदलला, सगळीकडून पिंग उत्तम, पण काही पालकांचं मोबाइल अ‍ॅप वर्ग उघडायला अर्धा मिनिट घेत होतं. ग्लोबलपिंगवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) सक्तीने वापरून एचटीटीपी चाचणी (वेबपान मागवून बघणारी) केली तर एकाही ठिकाणाहून जोडणीच नाही. फायरवॉलमध्ये पोर्ट ४४३ (सुरक्षित वेबचं दार) आयपीव्ही४ साठी उघडं होतं, आयपीव्ही६ साठी उघडायचं राहिलं होतं. पिंगला दोन्हीकडे परवानगी होती. ब्राउझर पटकन आयपीव्ही४ वर वळायचा, आमचं अ‍ॅप मात्र वाट बघत बसायचं. पुण्याच्या ऑफिसच्या लाइनवर आयपीव्ही६ नाहीच, त्यामुळे तिथून हे कधीच दिसलं नसतं. आता काहीही बदललं की पिंगवर समाधान मानत नाही. एचटीटीपी चाचणीत डीएनएस, टीसीपी (जोडणी), टीएलएस (जोडणी सुरक्षित करणं) आणि पहिला बाइट यांचे वेळ वेगळे मिळतात, ते बघते.

काय मिळत नाही तेही सांगते. यातलं कुठलंच साधन स्पीड टेस्ट नाही, किती एमबीपीएस मिळतात ते कळणार नाही. पान पूर्ण उघडायला किती वेळ लागतो हेही नाही, त्यासाठी वेबपेजटेस्टसारखं खरा ब्राउझर चालवणारं साधन हवं. राइप अ‍ॅटलासवर आपल्या साइटची एचटीटीपी चाचणी करता येत नाही, ती फक्त त्यांच्या 'अँकर', म्हणजे चाचण्यांसाठीच ठेवलेल्या, यंत्रांकडे होते. हा नियम मला पटतो, कारण कुणाच्या तरी घरातल्या लाइनवरून भलत्याच साइटला भेट गेली तर त्या घराला त्रास होऊ शकतो. प्रोब युरोपात दाट आणि आपल्याकडे विरळ आहेत. कोल्हापूर, नांदेड शोधायला गेलात तर निराशा होईल. आणि राइप अ‍ॅटलासच्या चाचण्या मुळात सगळ्यांना दिसतात, तेव्हा आतल्या, गुप्त ठेवायच्या सर्व्हरची नावं त्यात टाकू नका.

पैसे भरायची ती जुनी सेवा आम्ही जानेवारीत बंद केली. त्याऐवजी घरोघरी प्रोब वाढवतोय. लंडनच्या त्या मुलीच्या आईनेही आता घरी ग्लोबलपिंगचा कंटेनर (प्रोबचं तयार सॉफ्टवेअर) चालू ठेवलाय, त्यामुळे तिच्या वर्गाआधी मी थेट तिच्याच घरातून मोजते.

पुढच्या महिन्यात मॉरिशसमधल्या दोन बहिणी गाणं शिकायला येतायत. गेल्या आठवड्यात तिथून चाचणी मागवली तेव्हा मिळालेले दोन्ही प्रोब डेटा सेंटरमधले निघाले. मॉरिशसमध्ये घरगुती लाइनवर राहणारं कुणी हे वाचत असेल, आणि घरात कायम चालू राहणारा एखादा जुना संगणक असेल, तर त्यावर प्रोब चालू कराल का? डॉकर (असे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर एकाच आज्ञेचं काम आहे.