आईच्या गुदभ्रंशासाठी दाखवलेलं क्लिनिक, आमचा अनुभव

आईला (वय ७१) संडासला बसलं की आमण (गुदाशय, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग) बाहेर यायची, हाताने आत ढकलायला लागायची, आणि लाजेपोटी तिने दोन वर्षं कुणाला सांगितलंच नाही. आधी एका ठिकाणी मूळव्याध म्हणून नुसती मलमं दिली. मग या कोलोरेक्टल (मोठं आतडं आणि गुदाशयाच्या) सर्जन मॅडमकडे गेलो, त्यांनी आईला जोर करायला लावून नीट बघितलं, गोल गोल वळ्या दिसतायत म्हणजे गुदभ्रंश आहे, हे कागदावर चित्र काढून समजावलं. मोठ्यांचं पूर्ण बाहेर येत असेल तर शेवटी ऑपरेशनच. एक पोटातून, दुर्बिणीने जाळी लावून गुदाशय वर बांधतात, दुसरं खालूनच, डेलॉर्म म्हणतात, ते अशक्त पेशंटला झेपतं पण परत होण्याची शक्यता जास्त. आईचं हार्ट कमजोर म्हणून खालचं केलं, आणि ही परत होण्याची गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली हे मला फार आवडलं.

भावाच्या अडीच वर्षांच्या मुलालाही असंच व्हायचं, त्याला ऑपरेशन नाहीच, संडास मऊ करणारं लॅक्टुलोजचं सिरप, पायाखाली स्टूल, संडासला जास्त वेळ बसवायचं नाही, चार महिन्यांत थांबलं.

वेटिंग मात्र दोन तास आणि खुर्च्या कडक, अशा पेशंटला बसवत नाही हो, निदान उशा तरी ठेवा.