हरणांच्या मागे परत जायचं म्हणून जुनी बॅग दुरुस्तीला टाकली, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, बंदूकबिंदूक काही नाही. मी सुप्याला (बारामती तालुक्यातलं, तिथे चिंकाऱ्यांचं मयूरेश्वर अभयारण्य आहे) निघालो की बायको "निघाले शिकारीला" म्हणते म्हणून घरात तो शब्द पडलाय, बाकी आपण चिंकारे बघायचे, जमले तर फोटो काढायचे आणि येताना मोरगावला दर्शन घेऊन परत यायचं. शेवटचा गेलो होतो २०१४ ला. मग मुलगी झाली, नोकरी बदलली, कंबर धरली, सगळं सामान जे माळ्यावर गेलं ते गेलंच. यंदा जानेवारीत मित्र म्हणाला रविवारी पहाटे जाऊया, मीपण जोशात हो म्हणालो आणि शिडी लावली.

माळ्यावरून जे काय खाली आलं ते बघून रडूच यायचं बाकी होतं. बुटांचा एक सोल हातात आला, दुसरा डब्यातच राहिला. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी (पुण्याचे इतके पावसाळे कपड्याच्या बॅगेत काढल्यावर दुसरं काय होणार, सिलिका जेलची पुडी कधीच मेली होती). आणि कॅमेऱ्याची सॅक. मेन चेन ओढली की पुढून लागते आणि मागून उघडत येते. खांद्याच्या पट्ट्यातल्या फोमचा भुगा झालेला, आतल्या खिशाचं कोटिंग चिकट होऊन हाताला लागतंय. बूट फेकले, लेन्स भाड्याने घ्यायची ठरवली, पण सॅकवर जीव अडकलेला. आणि नवीन बघायला गेलं तर सात-आठ हजार.

ऑफिसातल्या एकाने रविवार पेठेतलं दुकान सांगितलं. बोहरी आळीच्या बाजूला, दोरखंड आणि ताडपत्रीवाल्यांच्या पलीकडे एका बोळात आहे. नावाची पाटी नाहीच, शटरवर रंगाने 'बॅग, चेन, छत्री' एवढंच लिहिलंय, त्यातली छत्री पुसट झालीय. गाडी नेऊ नका, मंडईच्या पार्किंगला लावून चालत जा, नाहीतर टेम्पोवाल्यांशी भांडण ठरलेलं. दुकान म्हणजे एक पायमशीन, एक स्टूल आणि बाकी छतापर्यंत बॅगा. काका साठीच्या पुढचे असतील, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं.

मी म्हणालो, काका चेन बदलून द्या. त्यांनी दोनदा चेन ओढली, रनर (चेनवर सरकतो तो तुकडा) उलटा केला, मागचा आकडा बघितला. "आठ नंबर आहे. दाते चांगलेत, रनर सैल झालाय. चेन कशाला बदलता?" रनर झिजला की त्याचा जबडा फाकतो, मग दाते एकमेकांत बसत नाहीत, हे त्यांनी मला रनर डोळ्यासमोर धरून दाखवलं. पक्कडीने दाबलं तर महिनाभर चालेल, पण मग परत याल, म्हणून नवीन रनर टाका म्हणाले. दोन रनरचे १२०. नवीन चेन टाकून चार-पाचशे सहज काढता आले असते आणि मला कळलंही नसतं. आतल्या चिकट कोटिंगबद्दल मात्र सरळ सांगितलं की याला औषध नाही, ते अस्तर कापून टाका, नाहीतर तुमच्या लेन्सला लागेल. कापून टाकलं.

मग त्यांनी विचारलं, घेऊन कुठे जाता? मी म्हणालो हरणांचे फोटो काढायला. हा माणूस पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागला. त्यांचे वडील म्हणे याच मशीनवर बंदुकांची कव्हरं शिवायचे, कॅम्पातली गिऱ्हाइकं असायची, कॅनव्हासच्या आत जाड फलालीन लावायचे म्हणजे लोखंडाचा आवाज होत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ते काम संपलं, मग शाळेची दप्तरं सुरू झाली. हे सांगताना त्यांनी माझ्या बाहेरच्या खिशाचं वेलक्रो हळूच उघडलं. चर्रर्र. "हे ऐकून हरीण थांबतं?"

खरं सांगतो, इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात नव्हतं. चिंकाऱ्याला संशय आला की पुढचा पाय आपटतो, शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि सुटतो, हे दहा वेळा अनुभवलं होतं, दर वेळी मी वाऱ्याला नाहीतर मित्राच्या खोकल्याला दोष दिला. काकांनी चारही खिशांचं वेलक्रो उसवलं आणि टिचबटणं लावली, तीपण जरा ढिली दाबतात तसली. रनरला लोंबणारे पत्र्याचे तुकडे काढून नाडी ओवली. पट्ट्यांत नवा फोम, आणि पट्टा बॅगेला जिथे जोडतो तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी डबल शिलाई. माझं सगळं सामान भरून पट्ट्याला धरून हिसके मारले, टाका हलला नाही.

बीन बॅग शिवून घेतली ती वेगळीच मजा. गाडीच्या खिडकीवर ठेवून लेन्स टेकवायला लागते, भाड्याची १५०-६०० मिमीची लेन्स दोन किलोची आहे, हातात धरून माझी कंबर परत जायची. काकांनी घोड्याच्या खोगिरासारखी दोन कप्प्यांची शिवली, एक कप्पा काचेच्या आत, एक बाहेर, मध्ये खाच, त्यामुळे घसरत नाही. आत काय भरू विचारलं तर म्हणाले ज्वारी, तांदूळ दगडासारखा बसतो. ज्वारी मस्त बसते, लेन्स दाबली की तिच्या आकाराची जागा होते. फक्त आईच्या डब्यातली घेतली होती आणि तो वाद वेगळा.

बिल ७५० झालं. रनर १२०, चार टिचबटणं ८०, पट्टे २००, बीन बॅग ३५०.

आता तक्रारी. मंगळवारी देतो म्हणाले, शनिवारी संध्याकाळी मिळाली, म्हणजे पहाटे साडेचारला निघायचं आणि मी रात्री अकराला सामान भरतोय. फोन उचलत नाहीत. पावती नाही, खडूने बॅगेवर आकडा लिहितात, तो तुम्हीच लक्षात ठेवायचा. कापडाचा रंग विचारला नाही तर हाताशी असेल तो लावतात, माझ्या खाकी सॅकला आतून जांभळा खिसा आहे. चालतंय, हरणाला आतला खिसा दिसत नाही.

सासवड, जेजुरी करत उजाडायच्या आत पोचलो, ७० किलोमीटरच्या आसपास पडतं. मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चं, जेमतेम ५ चौरस किलोमीटर, नवीन माणसाला वाटेल नुसतं माळरान आहे. (मधल्या काळात वनखात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळला ग्रासलँड सफारी पण सुरू केलीय, ऑनलाइन बुकिंग, पुढच्या वेळी तिकडे.) गवत वाळून पिवळं झालेलं, उतरल्या उतरल्या मोज्यात कुसळं. हे एक विसरलो होतो, लोकरीचे मोजे घालू नका, रात्री एकेक उपटत बसावं लागतं.

सातच्या सुमारास एक नर दिसला. चिंकारा म्हणजे शेळीएवढाच, तांबूस अंगावर काळी शेपटी सारखी फडफडत असते, बऱ्याचदा आधी तीच दिसते. तसं हरीण म्हणतो पण हा कुरंगातला (अँटिलोप), खऱ्या हरणासारखी याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. गाडी बंद करून बसलो, तो चरत चरत चाळीस पावलांवर आला. बीन बॅग खिडकीवर, लेन्स टेकलेली, सॅकमधून दुसरी बॅटरी काढली, टिचबटणाचा टप् असा बारीक आवाज, त्याने कानही हलवला नाही. अकरा वर्षांनी एवढ्या जवळून बघत होतो, हात कापायला लागले म्हणून जॅकेटची बाही जरा सैल करायला गेलो.

जॅकेटच्या बाहीला वेलक्रो आहे. चर्रर्र.

एक शिंक, आणि मग नुसती शेपटी दिसली, पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळी. मित्र अर्धा तास बोलला नाही. माझ्याकडे तीन फोटो आहेत, त्यातला एक बरा आहे.

पाचपैकी साडेचार, अर्धा उशिरासाठी कापला. ज्वारी चाळून आईला परत दिली. जॅकेट काकांकडे टाकलंय, मंगळवारी देतो म्हणालेत.