'चीप' म्हणावं की 'इनएक्स्पेन्सिव्ह'?

शब्दकोशात दोन्हींचा अर्थ स्वस्त. पण कुणी जेवायला बोलावलं आणि तुम्ही कौतुकाने 'व्हॉट अ चीप डिनर सेट!' म्हणालात, तर पुढचं आमंत्रण विसरा. ऐकणाऱ्याला किंमत नाही, दर्जा ऐकू येतो: हलका माल. तिथे 'इनएक्स्पेन्सिव्ह' हवा. तो फक्त पैशांबद्दल बोलतो.

मग 'चीप' वाईटच का? तसंही नाही. विमानाचं तिकीट, भाजी, कर्ज यांना बिनधास्त 'चीप' म्हणतात. तिथे स्वस्ताई हाच गुण. उलट 'इनएक्स्पेन्सिव्ह' बोलण्यात जरा इस्त्री केल्यासारखा वाटतो. दुकानदाराशी घासाघीस करताना तो कुणी वापरत नाही.

गंमत म्हणजे 'चीप'चं मूळ सभ्य आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता व्यापार, सौदा. लंडनचा चीपसाइड हा रस्ता म्हणजे जुनी बाजारपेठच. चांगल्या सौद्याला 'गुड चीप' म्हणत. पुढे 'गुड' गळून पडला आणि हलकेपणा चिकटला.

मराठी माणसाची खरी पंचाईत वेगळीच. आपण 'काय चीप आहेस रे!' म्हणतो तेव्हा समोरचा थिल्लर असतो. अमेरिकेत 'ही इज चीप' म्हणजे चिक्कू, बिल आलं की नेमका हात धुवायला जाणारा. तिथे 'इनएक्स्पेन्सिव्ह' चालतच नाही. माणसाला तो शब्द लागत नाही.

'अफोर्डेबल' हा तिसरा भिडू बिल्डरांच्या जाहिरातीत सापडतो. तो स्वस्त नसतो, परवडणारा असतो. कुणाला, ते जाहिरातीत नसतं.