तिसऱ्या महिन्याचा फॉलो-अप: व्हिडिओ की हॅमरस्मिथ?

एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी गेलेल्या बाळांचा पाठपुरावा पुण्याला नवा नाही. इथल्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या दोन किलोच्या आतल्या बाळांकडे ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवलं गेलं. छोट्या ओपीडीपुढचा प्रश्न त्याहून साधा आहे. सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या कायमच्या दोषाचा) अंदाज करेक्टेड, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या, तीन महिन्यांनाच बांधायचा, तर भिस्त कशावर ठेवायची: बाळाच्या आपसूक हालचाली बघणाऱ्या प्रेख्टल पद्धतीच्या व्हिडिओवर की बाळाला हाताळून गुण देणाऱ्या हॅमरस्मिथ या मज्जासंस्थेच्या तपासणीवर?

कागदावर दोन्ही तगड्या. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत पाच महिन्यांआधी व्हिडिओची संवेदनशीलता (दोष असलेल्या बाळांपैकी किती पकडली जातात ते प्रमाण) ९८ टक्के, तर हॅमरस्मिथची ९० टक्के दिली आहे. तेवढ्या फरकावर मी तरी निवड केली नसती. निवड होते ती रडण्यावर.

हॅमरस्मिथमध्ये २६ बाबी, एकूण गुण ७८, आणि त्यातल्या बऱ्याचशा बाळाला हात लावल्याशिवाय होत नाहीत. दौंडहून सकाळच्या गाडीने आलेलं, रांगेत ताटकळलेलं, भुकेजलेलं बाळ समोर येतं. गुडघ्यामागचा कोन बघायला पाय उचलला की ते अंग ताठ करून भोकाड पसरतं. आता हा टोन (स्नायूंचा मूळचा ताण) की राग? तीन महिन्यांना ५७ च्या खाली धोका मानतात, आणि रडण्यात गेलेले चार-पाच गुण बाळाला सहज रेषेच्या पलीकडे नेतात. बरं, पाजून आणा म्हणावं, तर ते झोपूनच परत येतं.

व्हिडिओला हात लावायचाच नाही. बाळ घरी सतरंजीवर उताणं, हातपाय उघडे, दुपटं नाही, चोखणी नाही, खुळखुळा नाही, आजीचं ‘अले अले’सुद्धा नाही. मोबाइल वरून असा धरायचा की चेहरा आणि चारही हातपाय दिसतील. तीन ते पाच मिनिटं पुरतात. मालिश-अंघोळ-शेकानंतर बाळ पेंगतं, म्हणून सकाळी उठून दूध प्यायल्यावर थोड्या वेळाने, ते स्वतःशीच खेळत असताना घ्यावा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर चित्र दाबलं जाऊन मनगटं धूसर होतात. बघायचं नेमकं तिथेच असतं: मान, मनगट, घोटे यांची सगळ्या दिशांनी चाललेली बारीक, गोलसर चुळबुळ, म्हणजे फिजेटी. ती दिसली नाही तर एका क्लिपवर निकाल न देता एक-दोन आठवड्यांनी दुसरी मागवावी.

व्हिडिओचीही अडचण आहेच. तो वाचायला रीतसर प्रशिक्षण लागतं, आणि एकाच बाजूचा दोष हॅमरस्मिथ जास्त स्पष्ट दाखवते. शिवाय ती २४ महिन्यांपर्यंत चालते. उशिरा आलेल्या बाळासाठी तीच. बुद्धी किंवा बोलणं यांबद्दल दोन्हींकडून फार अपेक्षा ठेवू नये.

तरी पहिली चाळणी म्हणून पारडं व्हिडिओकडे झुकतं, फक्त वेळ चुकता कामा नये. फिजेटी साधारण ९ ते २० आठवडे करेक्टेड दिसते, आणि १२ ते १४ हा खात्रीचा काळ. घरचे मात्र जन्मतारखेपासून मोजतात आणि तीन महिने झाले म्हणून क्लिप पाठवतात. गर्भारपणाच्या तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ तेव्हा जेमतेम तीन आठवडे करेक्टेड असतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर वयाऐवजी थेट तारीखच लिहावी. या बाळासाठी ती जन्मानंतर २२ ते २४ आठवड्यांची येते.