मृत्युपत्र: ऑनलाइन फॉर्म की वकील?
एकच फ्लॅट, थोड्या ठेवी, घरात वाद नाही, तर ऑनलाइन फॉर्म पुरे. पण ‘सबमिट’ दाबलं की मृत्युपत्र झालं, असं नाही! माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधून मृत्युपत्र वगळलेलं आहे. डिजिटल सही चालत नाही. प्रिंट काढून पेनाने सही करायची, तीही दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत, मग त्यांच्या सह्या. आईने सही केली तेव्हा शेजारचे काका-काकू चष्मे लावून टेबलाशीच बसले होते. स्टॅम्प पेपर लागत नाही.

वडिलोपार्जित शेतजमीन, दुसरं लग्न, भावकीची कुरबुर असेल तर मात्र वकीलच गाठा. सामाईक जमिनीत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. तयार नमुन्यात हे सहज निसटतं. दुय्यम निबंधकाकडची नोंदणी ऐच्छिक, तरी मी करून घेईनच.